फळी आधी मुलींना

मैत्रिणींनो, आपल्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा. तिथे आपण लांबून बघणाऱ्या. चाकांच्या फळीचा, म्हणजे स्केटबोर्डचा, घाटही आधी पोरांनीच अडवला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पोहण्याचे हौद कोरडे राहिले आणि ती त्यांच्या उतारांवर फळ्या घेऊन उतरली.

मध्य प्रदेशातल्या जनवार गावात २०१५मध्ये असं मैदान झालं, तेव्हा नियम ठरले: शाळा बुडवायची नाही आणि फळी आधी मुलींना. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तर पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक घेतलं.

शिकताना आधी तळाशीच तोल सांभाळायचा, हेल्मेट घालून. वरून उतरताना भीतीने मागे रेललं की आपटलंच. भार पुढच्या पायावर हवा.

आमच्या गटातल्या एकीच्या लेकीला फळी हवी आहे. कर्जाच्या वहीत कारण काय लिहायचं, यावर बैठकीत अजून वाद चालू आहे.