ढोकीची बेरिंग गाडी

मागच्या महिन्यात आमच्या टीमची आउटिंग होती. पुण्याबाहेरच्या एका गो-कार्ट ट्रॅकवर. हेल्मेट घाला, फॉर्मवर सही करा (हात-पाय मोडल्यास जबाबदारी तुमची, हे बारीक अक्षरात!) आणि मोजून आठ फेऱ्या. टीममधली पोरं-पोरी पंचविशीतली, मी पन्नाशीकडे झुकलेला. तिसऱ्याच वळणावर गाडी गरकन फिरली आणि मी टायरच्या भिंतीला जाऊन टेकलो. तिथला पोरगा गाडी सरळ करत म्हणाला, "सर, वळताना स्टिअरिंग एकदम मारू नका."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ढोकीत, 1989 च्या उन्हाळ्यात.

ढोकी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं (आमच्या वेळचं उस्मानाबाद) तेरणा साखर कारखान्याचं गाव. लातूरहून बार्शीकडे निघालात की मुरूडनंतर लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांचा एकच उद्योग होता, बेरिंग गाडी. एक फळी, खाली दोन आडवे दांडे, दांड्यांच्या टोकांना गॅरेजमधून मागून आणलेल्या झिजक्या बेरिंगा. मागचा दांडा खिळ्यांनी पक्का. पुढचा मात्र मधोमध एकाच बोल्टवर फिरता, आणि त्याला लगामासारखा बांधलेला बैलाचा जुना कासरा. एकानं बसायचं, एकानं मागून ढकलायचं.

मातीत बेरिंग रुतते. त्यामुळे ट्रॅक एकच, एका मित्राच्या घरामागचं परस. धान्य वाळवायला तिथे शहाबादी फरशी घातलेली होती. भिंतीपासून निघायचं, लिंबाच्या झाडाला वळसा घालून परत यायचं. आवाज असा की दुपारी झोपलेली आजी हमखास उठायची आणि आमचा उद्धार करायची.

सरळ जाण्यात काही अडचण नव्हती. भानगड लिंबापाशी व्हायची. कासरा जोरात ओढला की गाडी वळायच्या ऐवजी कलंडायची. एकदा माझं कोपर फरशीवर असं सोलवटलं की खूण अजून आहे. गाडी बनवणारा आमचा मित्र सुताराचा पोरगा. तो वाकून पुढच्या दांड्याकडे बघत म्हणाला, "आरं, येकदम वढू नको की. तिला चार चाकं हायत, पर पाय तीनच हायत."

तेव्हा मला हे अजिबात कळलं नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, की चाकाच्या इतिहासातला फार जुना प्रश्न आम्ही त्या परसात सोडवत होतो.

आता बैलगाडीच बघा. तिला हा प्रश्न जवळजवळ पडतच नाही. दोनच चाकं आणि दोन्ही आखावर सुटी. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, काम झालं. आमच्या भागात गाड्या फार जुन्या. ढोकीच्या जवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलंय, की तगरचं कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावाहून एक्स्पोर्ट चालू होता!

मग आली रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाईट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीकडून बार्शीला पोचली आणि 1911 पर्यंत ढोकीवरून लातूरला. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. आमच्या लहानपणी ही छोटी गाडी चालू होती, ब्रॉडगेज झालं ते 2007-08 च्या सुमाराला. रेल्वेची दोन्ही चाकं एका आखावर घट्ट बसवलेली असतात, बरोबरच फिरतात. मग ती वळते कशी? तर चाकाची कड किंचित निमुळती घडवलेली असते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर.

राहिली चारचाकी घोडागाडी. ती अगदी आमच्या बेरिंग गाडीसारखी, पुढचा अख्खा आख मधल्या एका खिळ्यावर फिरणारा. पुढचा सगळा भार त्या एका खिळ्यावर आणि मागे दोन चाकं, म्हणजे गाडी खरं तर तिपाईवर उभी. त्यात आख जास्त फिरला की आतलं चाक गाडीखाली शिरतं, आणि मग ती उलटतेच. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन डॉक्टर होते, पेशंट बघायला गाडीनं गावोगाव हिंडायचे. त्यांना तोड सुचली होती: आख जागेवर ठेवा आणि फक्त चाकं आपापल्या बिजागरीवर वळवा. पण त्यांनी पेटंट घेतलं नाही. 1768 साली गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली, ती वेगळीच. पुढे म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं हीच युक्ती नव्यानं शोधली. लंडनमध्ये त्याच्या वतीनं 1818 साली पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान यानं, जो चित्रं-पुस्तकं छापायचा. आज जगभरच्या पुस्तकांत तिला म्हणतात 'आकरमान स्टिअरिंग'! ज्यानं अर्ज भरला, त्याचं नाव.

तर आमचा मित्र. त्यानं यातलं काही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फळीच्या खालून, बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी खुंटी ठोकली. दांडा आता ठरावीक मर्यादेपुढे फिरेचना. बसायची जागा त्यानं वीतभर मागे सरकवली. वळसा मोठा घ्यावा लागायचा, लिंबाच्या पार पलीकडून, पण गाडी परत कधी उलटली नाही. त्या सुट्टीत आम्ही एकही शर्यत हरलो नाही. पोरांत नाव मात्र माझं झालं, कारण बसायचो मी.

गो-कार्टची कथाही अशीच जोडजुळणीची. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या मेकॅनिकनं नळ्यांची चौकट जोडून तिच्यावर गवत कापायच्या मशीनचं शिल्लक पडलेलं इंजिन बसवलं. तिचा मागचा आख आजही रेल्वेसारखाच, दोन्ही चाकं एकत्र फिरणारी. वळताना मागचं आतलं चाक क्षणभर उचललं जावं, अशीच तिची रचना असते. हे विसरून मी चाक मारलं आणि टायरच्या भिंतीत गेलो. :)

मित्रानं दहावीनंतर शाळा सोडली. घरी पैसा नव्हता, एवढंच कारण. मी पुण्याला आलो. मार्क माझे त्याच्यापेक्षा फार जास्त नव्हते. त्याचं आता वेल्डिंगचं दुकान आहे, उसाच्या ट्रॉल्या बांधतो. चारचाकी ट्रॉली, पुढचा आख फिरता. तीच बेरिंग गाडी, फक्त टनांवारी ऊस लादलेली.

आउटिंगहून आल्यावर त्याला फोन केला. डार्विन, आकरमान सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या डाक्टरचा गुडघा बरा झाला का नाही?"

मग म्हणाला, त्याच्या प्रत्येक ट्रॉलीला खाली दोन लोखंडी ठोकळे असतात. आख मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून. गिऱ्हाईक कुरकुर करतं, वळसा मोठा पडतो म्हणतं. तो काढत नाही.