हिशेबाचे गाव, गणिताची वाट

मंगळवेढे हे संतांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा ही नावे घेतल्यावाचून या गावाचा उल्लेख पुरा होत नाही. परंतु त्याची आणखी एक ओळख आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मंगळवेढे हे हिशेबाचे गाव आहे.

बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाचे ठाणे येथे होते. महात्मा बसवेश्वर त्याच्या पदरी आरंभी करणिक, म्हणजे हिशेबनीस होते, असे परंपरा सांगते. पुढे खजिन्यातले द्रव्य शरणांच्या सेवेत उधळल्याचा आळ त्यांच्यावर आला. पण मोजदाद झाली तेव्हा नाणे न् नाणे जागेवर होते, अशी कथा आहे. त्यानंतर तीनएकशे वर्षांनी, बहामनी अमदानीत, दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार रयतेला खुले केले. बेदरच्या बादशहाने जाब विचारला, तेव्हा पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याचे मोल चुकते केले आणि रीतसर पावती घेतली. या कथा भक्तीच्या खऱ्या. पण दोन्हींचा शेवट कसा होतो तो पाहावा. देवानेदेखील हिशेब माफ करून घेतला नाही, तो जुळवून दिला!

हिशेबाची ही थोरवी मान्य करूनही एक गोष्ट सांगावी लागते. हिशेब म्हणजे गणित नव्हे. किती होते, किती गेले, किती उरले, एवढे सांगितले की हिशेबनिसाचे काम संपते. गणित त्यापुढे दोन प्रश्न विचारते: काय काय घडू शकेल? आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींत सारखे असे काय आहे? मुलाने गणित शिकायचे म्हणजे पहिल्या प्रश्नांपासून या दोन प्रश्नांपर्यंत चालत यायचे.

ही वाट आपल्याकडे आखली गेली ती नेमकी बसवेश्वरांच्याच काळात. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ. स. १११४चा. छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५०मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. तीत आरंभी सारा बाजारच भरलेला आहे. व्याज आहे, अदलाबदल आहे, ढिगाच्या घेरावरून धान्याचे माप काढण्याची रीत आहे. दामाजीपंतांच्या कोठारावरील कारकुनालाही ती उपयोगी पडली असती. पण आचार्य तेथे थांबत नाहीत. ते विचारतात, सहा रसांची किती मिश्रणे होतील?

दिवाळीच्या फराळावर बसलेल्या वाचकाला हे उदाहरण रुचावे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय असे सहा रस. एकएकटा रस घेतला तर ६ प्रकार, दोन दोन घेतले तर १५, तीन तीन घेतले तर २०, चार चार १५, पाच पाच ६ आणि सहाही एकत्र १. एकूण ६३. यांतली बहुतेक मिश्रणे कोणत्याही स्वयंपाकघरात कधी झालेली नाहीत, व्हायचीही नाहीत. तरीही ती मोजता येतात. जे घडलेलेच नाही ते मोजायचे, हे हिशेबनिसाला वेडेपणाचे वाटेल; गणित येथूनच सुरू होते.

आता रस बाजूला ठेवू आणि पाडव्याच्या दिवशी सारीपाटाच्या कवड्या काढू. सहा कवड्या टाकल्या. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते, असे घटकाभर धरून चालू. खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते. एक उताणी पडण्याचे प्रकार ६, दोन उताण्या पडण्याचे १५, तीनांचे २०, मग पुन्हा १५, ६ आणि १. सगळ्या पालथ्या पडण्याचा एक प्रकार धरला की एकूण ६४ झाले. म्हणजे तीन उताण्या पडण्याची शक्यता चौसष्टांत वीस, आणि सहाही उताण्या पडण्याची चौसष्टांत एक. भास्कराचार्यांनी प्रकार मोजले, पण त्यांवरून शक्यता तोलली नाही. ते काम युरोपात पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून सुरू झाले, आणि तेही जुगारातल्याच एका प्रश्नावरून.

पण खरी मौज पुढेच आहे. रसांचे आकडे आणि कवड्यांचे आकडे तेच कसे निघाले? कारण रस ‘घेतला किंवा नाही’, कवडी ‘उताणी किंवा पालथी’. वस्तू निराळ्या, रचना एक. वस्तू विसरून रचनेकडे पाहणे यालाच अमूर्त विचार म्हणतात. त्याची फार उंच पायरी म्हणजे आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांनी १९४५ साली मांडलेली ‘कॅटेगरी थिअरी’. नाव परके असले तरी तिची रीत आपल्या परिचयाची आहे. खेड्यात परका पोर दिसला की म्हातारा विचारतो, ‘कुणाचा रे तू?’ नात्यांवरून माणूस ओळखायचा. आणि नाती एकापुढे एक जोडता येतात: आईचा भाऊ तो मामा, मामाची बायको ती मामी. वस्तू तिच्या पोटात शिरून न ओळखता इतरांशी असलेल्या तिच्या संबंधांवरून ओळखावी, आणि संबंधाला संबंध जोडून नवा संबंध मिळवावा, हेच त्या शास्त्राचे बीज.

मग एवढी वाट आखलेली असताना आपण मध्येच कोठे थांबलो? चाळीसगावाजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, आणि १२०७ साली त्याला दान मिळाले. लेखाचा मराठी भाग वाचण्यासारखा आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठाला दिला, घाण्यामागे तेल लावून दिले. बाजाराच्या हिशेबाने गणिताला पोसले, असा हा काळ होता.

पुढे ते नाते तुटले. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी धुळपाटीवर घोटून घेतली जाई. तिने उत्तम कारकून आणि सावकार घडवले. आजोबांची तोंडी आकडेमोड पाहून नातू थक्क होई. पण पाठांतराच्या पुढचा दरवाजा बंदच राहिला. तो पुन्हा उघडायला फार काळ जावा लागला. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला संभाव्यतेच्या शास्त्रात संशोधन करून परतले आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. भास्कराचार्यांनी मोजलेल्या शक्यता तोलण्याचे शिक्षण असे या भूमीत रुजले.

आज संभाव्यता शाळेच्या पुस्तकात आली आहे. पण घरोघर मुलाला विचारले जाते ते एवढेच, ‘किती गुण पडले?’ हाही हिशेबच. त्याने हे प्रकार कसे मोजले, हीच रचना आणखी कोठे आढळते का, असे विचारणारे कोणी नसेल, तर ते पोर औटकीपाशीच थांबते. मग औटकी पाठ असो वा यंत्रावर असो. बसवेश्वरांच्या खजिन्यातले नाणे न् नाणे जुळले, दामाजीपंतांची पावती जमा झाली; हिशेब चोख असावाच. त्याच्यापुढे काय असते, हे मुलांना दाखवायला मात्र सहा कवड्या पुरतात. त्या बहुतेक घरांच्या माळ्यावर अजून असतील.