दाबलेल्या हवेचा धडा

वाशीम जिल्ह्यातले रिसोड घ्या किंवा दुसरे कोणतेही तालुक्याचे गाव, टायरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतोच. काम संपले की त्याच नळीने अंगावरची धूळ उडवली जाते. 'हवाच ती, तिने काय होणार?' असे आपल्यालाही वाटते. हा समज चुकीचा आहे हे माणसाला उशिराच कळले.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये हवेच्या दाबाचा नियम मांडला. तापमान तेच ठेवून आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो. पण ही हवा मोठ्या कामाला जुंपली गेली ती आल्प्स पर्वतात. फ्रान्स व इटलीला जोडणारा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वे बोगदा १८५७ मध्ये सुरू झाला. वाफेचे इंजिन आत नेले असते तर माणसे धुराने गुदमरली असती. म्हणून १८६१ पासून खडक फोडायला दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रे आणली गेली. यंत्रातून सुटलेली हवा मजुरांना श्वासालाही उपयोगी पडे. १८७१ मध्ये बोगदा खुला झाला आणि ही हवा हळूहळू कारखान्यांत पोचली. आपल्याकडे असे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी पुण्यात १९५८ मध्ये स्थापन झाली.

हवेबरोबर अपघातही आले. दाबलेल्या हवेने आतडे फाटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९०४ मध्येच झाली होती. कारण आकड्यांत दिसते. कॉम्प्रेसरच्या टाकीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब असतो. आतडे फाटायला पाव किलोहून थोडा अधिक पुरतो. जखमेतून हवा रक्तात शिरली तर जीव जाऊ शकतो. उडालेला लोखंडाचा कीस डोळा घालवतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेने नियम केला, की साफसफाईसाठी हवेचा दाब सुमारे २.१ किलोपेक्षा कमी असावा, कीस अडवणारा आडोसा असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. म्हणूनच चांगल्या ब्लो गनच्या तोंडाला बाजूलाही भोके असतात. तोंड कातडीवर टेकले तरी हवा तिथून निसटते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातही दाबाच्या यंत्रांची आणि डोळ्यांच्या संरक्षणाची कलमे होती.

पण नीट पाहा. २.१ किलो ही मर्यादा यंत्राची धूळ झाडण्यासाठी आहे, माणसासाठी नाही. आतड्याला तीही सातपट जास्तच. म्हणून खरा नियम एकच: ही हवा कोणाच्याही अंगावर, कपड्यांवरसुद्धा, सोडायची नाही. थट्टेत तर नाहीच. २०२३ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात कॉम्प्रेसरची हवा शरीरात सोडल्याने एका अल्पवयीन मुलाचा मृत्यू झाला.

वर्गात बिनसुईची दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. टोक बोटाने बंद करून दट्ट्या पाचपर्यंत दाबायला सांगावे. तेवढ्याने हात थकतो, आणि हा वाढीव दाब जेमतेम १ किलोचा! कॉम्प्रेसरमध्ये तो सातपट असतो. आपली काही मुले उद्या आयटीआयमधून कारखान्यांत जातील. बॉइलचा नियम त्यांच्या बोटांनी आजच शिकलेला बरा.