रबराची जमीन : मलायाच्या सव्वाशें वर्षांचा हिशेब

मुलाच्या दप्तरांतील खोडरबर, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे हातमोजे आणि रस्त्यावरून धांवणाऱ्या वाहनांचीं चाकें हीं आमच्या इतक्या परिचयाचीं झालीं आहेत कीं, त्यांच्यामागें कोठें तरी जमीन राबत असेल हा विचार मनाला शिवतहि नाहीं. राजांचा इतिहास आपण तारखांनीं मोजतों. पिकांचा इतिहास मात्र एकरांनींच मोजावा लागतो. मलाया देशांत रबराखालीं किती जमीन आली आणि किती गेली, याचा हिशेब वरवर पाहातां रुक्ष वाटेल. परंतु तो जरा सावकाश वाचला तर त्यांत बाजाराची लहर, सरकारचा पक्षपात आणि गरिबाची फसगत हीं तिन्ही स्पष्ट दिसूं लागतात. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रबराचें झाड मूळचें अमेझॉन नदीच्या अरण्यांतलें. १८७६ सालीं हेन्री विकॅम नांवाच्या इंग्रज गृहस्थानें ब्राझिलांतील टापाजोस नदीच्या कांठावरून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पति-उद्यानांत नेल्या. त्यांपैकीं शेंकडा पांचहि रुजल्या नाहींत. जीं रोपें जगलीं त्यांतील बहुतेक सिलोनांत गेलीं. १८७७ सालीं अवघीं २२ रोपें सिंगापुरास पोंचलीं, आणि त्यांतील ९ पेराक संस्थानांत क्वाला कांगसार येथें ह्यू लो या रेसिडेंटानें लावविलीं. पुढें ज्या झाडांनीं देश झांकून टाकला, त्यांचा वंशविस्तार या मूठभर रोपांपासून झाला.

तथापि पहिलीं वीस वर्षें या झाडाकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. रबराचें झाड लावल्यापासून सहा-सात वर्षें चीक देत नाहीं, आणि त्या वेळीं मलायांतील गोरे मळेवाले कॉफीच्या नादांत होते. सिंगापूरच्या उद्यानाचा प्रमुख हेन्री रिडली हा १८८८ पासून भेटेल त्याला रबराच्या बिया देऊं करी; लोक त्याला वेडा म्हणत. त्याचें खरें कार्य मात्र निराळेंच होतें. ब्राझिलांत कुऱ्हाडीनें घाव घालून चीक काढीत व त्यायोगें झाड जायबंदी होई. रिडलीनें दाखवून दिलें कीं, आंतल्या जिवंत थराला न दुखवितां सालीला तिरपा छेद द्यावा, आणि त्याच छेदाची कड दर खेपेस सुरीनें किंचित् तासावी. असें केल्यास झाड वर्षानुवर्षें चीक देतें आणि साल पुन्हा भरून येते. १८९६ च्या सुमारास तान चाय यान या चिनी व्यापाऱ्यानें मलाक्का येथें सुमारें ४० एकरांवर पहिली व्यापारी लागवड केली. इतक्यांत ब्राझिलच्या अमाप पिकामुळें कॉफीचा भाव बसला, मोटारगाड्यांचें युग उजाडलें, आणि कालचा वेडा आज द्रष्टा ठरला!

यापुढील आंकडे पाहण्यासारखे आहेत. १९०० च्या सुमारास मलायांत रबराखालीं कांहीं हजार एकरच जमीन होती. १९१० पर्यंत ती पांच लाखांवर गेली, १९२० पर्यंत वीस लाखांवर, आणि १९४० च्या सुमारास सुमारें ३४ लाखांवर. १९१० च्या वसंतांत लंडनच्या बाजारीं रबराचा भाव पौंडास बारा शिलिंगांच्या वर गेला होता. त्या एका भावानें किती अरण्यें जाळलीं याची गणती करणें कठीण.

येथें एक मर्म ध्यानांत ठेविलें पाहिजे. लावलेली जमीन आणि प्रत्यक्ष चीक देणारी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी होत. आजोबांनीं आंबा लावावा आणि नातवानें खावा, अशी आपली रीत आहे. पण तेथें लावणाऱ्याला नातवाची चिंता नसते, आनंद असतो. रबर लावणारा आजच्या भावावर भुलून झाड लावतो आणि त्याचा चीक सात वर्षांनंतरच्या बाजारांत विकतो. सर्वांनीं एकाच वेळीं लावलें म्हणजे सर्वांचा चीक एकाच वेळीं बाजारांत येतो आणि भाव कोसळतो. बरें, ज्वारीप्रमाणें पुढल्या वर्षीं पेरणी कमी करावी म्हटलें, तर झाड पंचवीस-तीस वर्षें उभेंच राहतें. रबराच्या इतिहासांतील तेजी-मंदीचें बव्हंशीं मूळ हेंच आहे.

तें संकट १९२० नंतर आलेंच. १९२२ सालीं स्टीव्हन्सन योजनेनें ब्रिटिश प्रदेशांतील निर्यातीवर बंधन घालण्यांत आलें. भाव चढला खरा. पण डच ईस्ट इंडीज या योजनेबाहेर राहिल्यामुळें तेथील शेतकऱ्यांनीं मनसोक्त लागवड केली, आणि १९२८ सालीं ती योजना गुंडाळावी लागली. १९३२ सालीं तर पौंडाचा भाव दोन पेन्सांच्याहि खालीं उतरला. १९३४ च्या आंतरराष्ट्रीय करारानें डच, फ्रेंच व सयामी प्रदेशहि बांधले गेले आणि नव्या लागवडीस जवळजवळ बंदी झाली. या दोन्ही योजनांत ओझें कोणाच्या खांद्यावर पडलें? पी. टी. बाउअर या अर्थशास्त्रज्ञानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, लहान शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचा अंदाज मुद्दाम कमी धरण्यांत आला आणि मोठ्या मळ्यांना झुकतें माप मिळालें. दोन-चार एकरांचा धनी असलेला मलायी शेतकरी घरच्या माणसांच्या हातांनीं चीक काढी. त्याला मॅनेजर नको होता आणि लंडनच्या भागीदारांना लाभांशहि द्यावयाचा नव्हता. स्वस्त पिकविणाऱ्यालाच आवरून धरावें आणि महाग पिकविणाऱ्याला तारावें, असा हा न्याय होता.

मळ्यांवर राबणारीं माणसें बहुतेक तामिळ देशचीं. कंगाणी म्हणजे मुकादम आपल्या गांवीं जाऊन नातेवाईक व शेजारी यांची भरती करी. ओळीनें बांधलेल्या खोल्या, पहांटेची हजेरी, हिंवताप आणि ताडीचें दुकान, एवढेंच त्यांचें जग. मजुरी उतरूं लागली तेव्हां १९३८ सालीं हिंदुस्थान सरकारनें ही भरती बंद केली. पुढें जपानी अंमलांत मळ्यांवरील हजारों तामिळ मजुरांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेण्यांत आलें, आणि त्यांतील पुष्कळ परत आलेच नाहींत. एकरांच्या कोष्टकांत या माणसांसाठीं रकाना नाहीं.

युद्धानें दुसरीहि एक गोष्ट केली. पूर्वेचें रबर तुटल्यामुळें अमेरिकेनें कृत्रिम रबराचे प्रचंड कारखाने उभारले, आणि झाडाला कायमचा प्रतिस्पर्धी निर्माण झाला. त्यावर उपाय एकच होता : जुनीं झाडें तोडून निवडक कलमें लावणें. जुन्या झाडांपासून एकरीं चार-पांचशें पौंड रबर मिळे, तेथें नव्या कलमांनीं हजारांवर दिलें. १९५६ सालीं स्थापन झालेल्या ‘फेल्डा’ या सरकारी संस्थेनें भूमिहीनांस अरण्यांत जमिनी दिल्या. मलेशियांतील रबराचें क्षेत्र वाढत वाढत सुमारें २० लाख हेक्टरांपर्यंत गेलें. तें १९८० च्या आगेमागें. उत्पादनाचा कळस १९८८ सालीं झाला, सुमारें साडेसोळा लाख टन.

तेथून उतार लागला. २००० सालीं क्षेत्र सुमारें १४ लाख हेक्टर होतें, २०१० सालीं दहा लाखांच्या आसपास. जमीन ओस पडली नाहीं. ती तेलताडाकडे, कारखान्यांकडे आणि शहरांकडे गेली. १९६० सालीं तेलताडाखालीं एक लाख हेक्टरहि जमीन नव्हती. आतां ती पन्नास लाखांवर आहे. थायलंड व इंडोनेशिया यांनीं रबरांत मलेशियास केव्हांच मागें टाकलें.

कोणी म्हणेल कीं, यांत खेद करण्याजोगें काय आहे? देश सुधारला, मजुरी वाढली, अधिक लाभाचें पीक आलें. हें आम्हांस मान्य आहे. परंतु मळा मोडला म्हणजे मळेवाल्याला जमिनीची किंमत मिळते. तीन-तीन पिढ्या त्याच ओळींतील खोल्यांत जन्मलेल्या मजुराच्या हातीं काय येतें? खोली मळ्याची, देऊळ मळ्याच्या जमिनीवर, आणि कसब म्हणाल तर केसभर साल तासण्याचें. अशीं हजारों कुटुंबें शहरांच्या कडेच्या झोंपड्यांत गेलीं. उलट, ज्या लहान शेतकऱ्याला १९३४ सालीं दाबून टाकलें, त्याच्याच हातीं आज मलेशियांतील बहुतेक सर्व रबर आहे. स्वतःची जमीन असलेला मंदींत वांकला, पण मोडला नाहीं.

अलीकडे केरळांतील बागायतदारांनीं आपल्या कोंकणांत, दोडामार्गाच्या बाजूस, रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत. तिकडून जातांना ओळीनें उभीं असलेलीं तीं झाडें आणि त्यांच्या बुंध्याला बांधलेल्या वाट्या पाहून कौतुक वाटतें. तें वाटावेंच, पण झाडें किती, याबरोबर जमीन कोणाची आणि सात वर्षांनंतर तोटा कोणाचा, हेहि विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी. मलायाचा हिशेब आम्हांस एवढेंच शिकवितो.