कुसळी
कुसळी : (शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस, कुल पोएसी). दख्खनच्या माळांवर व टेकड्यांवर विपुल उगवणारे बहुवर्षायू रानगवत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये अँड्रोपोगॉन कंटॉर्टस या नावाने त्याचे वर्णन केले. ज्वारी, मका व ऊस ही पिके याच गवताच्या गटातली. भारताखेरीज आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, हवाई बेटे व अमेरिकेच्या उष्ण भागांतही ते आढळते.

वर्णन : गवत ठोंबांनी वाढते, उंची साधारण ५० ते १०० सेंमी. पाने अरुंद व त्यांची आवरणे चपटी असतात. फुलोरा पावसाळ्याच्या अखेरीस येतो. एकेरी कणिशात कणिशकांच्या जोड्या असतात. तळच्या जोड्यांना कुसळे नसतात. वरच्या जोड्यांतील बिनदेठाचे कणिशक मादी असून त्याला ५ ते १० सेंमी लांब, गडद तपकिरी कुसळ असते. पिकल्यावर ही कुसळे एकमेकांत पिळली जाऊन त्यांचा गुंता होतो.

बीजप्रसार : दाण्याचे बूड सुईसारखे अणकुचीदार असून त्यावर मागे वळलेले राठ केस असतात. दमट हवेत कुसळाचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो. या फिरण्याने दाणा मातीत घुसतो आणि केसांमुळे मागे सरकत नाही. जमिनीत गेलेले बी वणव्यातून वाचते. ठोंबही बुंध्यापासून पुन्हा फुटतो. पुष्कळदा बी परागसंयोगाविनाच तयार होते.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर : घोरावडेश्वर, भंडारा व भामचंद्र या डोंगरांसारख्या मुरमाड, उथळ मातीच्या उतारांवर कुसळीला अनुकूल जागा मिळते. सततची चराई व वणवे यांमुळे पवन्यासारखी सकस गवते मागे हटतात आणि कुसळी पसरते. त्यामुळे तिचे दाट रान हे बहुधा कुरण खालावल्याचे लक्षण मानतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती वाढत गेल्या, तसे या भागातले बरेच माळ कारखान्यांखाली गेले. खणलेल्या व भराव घातलेल्या जागी मात्र कुसळीपेक्षा गाजर गवत लवकर जम बसवते. न खणलेल्या मुरमावर कुसळी टिकून राहते.

उपयोग व उपद्रव : कोवळेपणी जनावरे हे गवत आवडीने खातात. कुसळे धरल्यावर ती तोंडात व डोळ्यांत टोचतात. मेंढ्यांच्या लोकरीत अडकून कातडीत शिरतात. कुसळे झडल्यानंतर कापलेले गवत राठ, कमी पोषक, पण वैरणीला चालण्याजोगे असते. हवाई बेटांवर याच गवताने झोपड्या शाकारत.

नियंत्रण : फुलोऱ्यापूर्वी कापणी केल्यास चारा चांगला मिळतो व नवे बी पडत नाही. चराई काही काळ थांबवून वणवे रोखल्यास सकस गवतांना पुन्हा वाव मिळतो. नुसते जाळून कुसळी हटत नाही.