ट्रॉम्बेच्या खाडीत चिखल, मग प्रवाळ बघायचे कुठे?

ट्रॉम्बेच्या जेट्टीवरून पाण्यात पाहिलं तर हातभर खालचंही दिसत नाही. ठाणे खाडीचं पाणी गाळाचं, आणि प्रवाळांना नेमकं तेच सोसत नाही. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. उजेड अडला की उपासमार.

खाडीची श्रीमंती वेगळी आहे. 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी याच चिखलात चरतात.

स्नॉर्कलिंग करायचं तर मालवण गाठा. 1987 मध्ये घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य 29.12 चौरस किलोमीटरचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. थंडीत पाणी त्यातल्या त्यात नितळ, पण अंदमानसारखं दिसेल ही अपेक्षा नको.

आता महत्त्वाचं. प्रवाळ दगडासारखा दिसतो, म्हणून लोक फोटोसाठी त्यावर बिनधास्त उभे राहतात. तो जिवंत प्राणी आहे. गोलाकार जातींची वाढ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर, तुमच्या एका पायाने अनेक वर्षांची वाढ मोडते. पर्यटकांमुळे मालवणच्या प्रवाळांचं नुकसान होत असल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. तुकडा उचलून घरी आणणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून तरंगत राहा. बोटवाल्या दादांना आधीच विचारा, नांगर कुठे टाकणार? वाळूत टाकतो म्हणाले तरच बसा.