‘श्वास’: वाचवणे आणि दाखवणे

दौंड तालुक्यातील भांडगावाहून आजारी लेकराला कडेवर घेऊन पुण्याची वाट धरणारे आईबाप दिसले, की आम्हांस ‘श्वास’ आठवतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील, संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटाने १९५३ च्या ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकाने, २००४ साली, मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवून दिला. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग. जीव राखायचा तर दृष्टी गमवावी लागणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेतात, जग डोळे भरून दाखवतात. डॉक्टर संतापतात, रुग्णालयाची शिस्त मोडलेली असते. पण जीव वाचवणे वैद्याचे काम, तर जे हरवणार त्याचा निरोप घडवणे आप्तांचे. उपचारांच्या इतिहासात हे दुसरे काम सहसा नोंदले जात नाही. ‘श्वास’ने ते नोंदवले.